तुमीच आटले, मास्तर

माझी उंची कमी झाली आहे ही गोष्ट सगळ्यात आधी एका शिंप्याच्या ध्यानात आली. बायकोच्या नाही, डॉक्टरांच्या नाही, आणि माझ्या तर नाहीच नाही.

साल एकसष्ट की बासष्ट. मी तेहतीस वर्षांचा होतो. अकोल्याच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचो आणि जठारपेठेत दोन खोल्या घेऊन बायकोबरोबर राहायचो. आईवडील अमरावतीला. वडील वकील होते, आणि घरी आल्यावरही वकीलच राहायचे.

माझं पोट त्याआधी चार-पाच वर्षं बिघडलेलं होतं. बिघडलेलं म्हणजे अपचन वगैरे सभ्य प्रकार नव्हे. दिवसातून दहा-बारा वेळा धावायचं, आव पडायची, रक्त पडायचं, आणि वेळ सांगून यायचं नाही. सातवीच्या वर्गावर असताना कळ आली की मी फळ्यावर घाईघाईने लिहायचो, "भारताच्या नकाशात नद्या भरा," आणि शाळेच्या मागच्या बाजूला पळायचो. परत आलो की तपासायचो. दुसऱ्या तासाला आठवी, पुन्हा नद्या. त्या काळात माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांना पर्वत, पिकं, वारे यांतलं काही म्हणता काही येत नसे, पण नद्या अशा यायच्या की तपासणीला आलेले साहेबही चकित झाले. हेडमास्तरांनी सगळ्या शिक्षकांसमोर माझं कौतुक केलं. त्या कौतुकाच्या मध्येच मला उठून जावं लागलं, ते त्यांनी विनय समजून घेतलं.

सगळे म्हणायचे, जुना आमांश आहे. बेलाचा मुरंबा झाला, कुड्याची साल झाली, बार्शीटाकळीच्या एका वैद्याची काळी पूड झाली. शेवटी वडिलांनी मला अमरावतीच्या त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. ते नागपूरला शिकून आलेले, फार कमी बोलणारे. त्यांनी नळी घालून आतून पाहिलं. तो प्रसंग मी लिहिणार नाही. मग म्हणाले, "हा आमांश नाही. मोठ्या आतड्याला आतून सूज आहे, जखमा आहेत. जंतू सापडत नाहीत. कशाने होतं, ते आम्हालाही नीट माहीत नाही."

वडिलांना हे आवडलं नाही. आरोपी सापडत नसला की त्यांना अस्वस्थ व्हायचं.

डॉक्टरांनी पांढऱ्या बारीक गोळ्या लिहून दिल्या. नव्याच निघालेल्या होत्या. आणि काय सांगू, आठ दिवसांत मी माणसात आलो. रक्त थांबलं, धावणं थांबलं, सातवीला हिमालय शिकवून झाला. भूक तर अशी लागायची की बायको पोळ्या लाटताना माझ्याकडे पाठ करून बसायची; समोर बसलं तर तव्यावरची उचलतो म्हणे. महिन्याभरात माझा चेहरा गोल गरगरीत झाला. गाल इतके वर आले की हसलं की डोळे मिटायचे. लोक बायकोला म्हणायचे, "तुमच्या हातचं मानवलं बरं मास्तरांना!" ती लाजायची. गोळ्यांचं श्रेय ती बिनदिक्कत घेत होती.

यापुढे मी जे केलं ते मूर्खपणाचं होतं, पण तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं. डॉक्टरांकडे मी परत गेलोच नाही. बरं वाटत असताना अमरावतीला जाऊन पुन्हा ती नळी कोण घालून घेणार? गोळ्या बंद केल्या की आठवड्याभरात पोट पहिल्या पदावर यायचं, म्हणून मी त्या चालूच ठेवल्या. अकोल्याचा औषधवाला तीच चिठ्ठी पाहून देत राहिला. चिठ्ठी घड्यांवर फाटली तेव्हा त्यानेच ती पुठ्ठ्यावर चिकटवून दिली. असे तीन वर्षं.

दुसरं म्हणजे दूध. "सध्या दूध बंद," असं डॉक्टर म्हणाले होते. त्यातला "सध्या" अमरावतीहून अकोल्याला येईपर्यंत बडनेऱ्याला गाडी बदलताना कुठे तरी राहिला. बायकोने घरात दूध, दही, ताक सगळं बंद केलं. लग्नकार्यात कुणी माझ्या पानात मठ्ठा वाढायला आलं तर ती लांबून ओरडायची, "त्यांना नाही! त्यांना नाही!" जणू वाटीत विष आहे.

तिसरं, ऊन. आईचं ठाम मत होतं की ऊन पोटात शिरतं आणि आतडी तापवतं. अकोल्यात राहून ऊन टाळणं म्हणजे तळ्यात राहून ओलं न होणं, पण मी ते जमवलं. लांब बाह्या, डोक्यावर टोपी, टोपीवर छत्री, शाळेत जायचं ते रिक्षाने. चालणं बंद, सायकल बंद. चार भिंतींत, सावलीत, गोळ्या खात मी सुखाने गोल होत होतो.

मग आरशाचं प्रकरण झालं.

दाढीचा आरसा मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या तोंडासमोर येईल असा खिळ्याला टांगला होता. एक दिवस पाहतो तर त्यात हनुवटी दिसेना. टाचा उंच कराव्या तेव्हा दिसायची. मी बायकोला विचारलं, "आरसा कुणी वर टांगला?"

"कुणी हातसुद्धा लावला नाही."

"मग तो आपणहून चढला का?"

"मला काय विचारता? भिंतीला विचारा."

मी खिळा काढून बोटभर खाली ठोकला. पाच-सहा महिन्यांनी पुन्हा तेच. मी पुन्हा खिळा खाली घेतला आणि घरमालकाला बोलावून सांगितलं की तुमची भिंत वर चालली आहे. काळी माती आहे, पावसाळ्यात फुगते, घरं हलतात, वगैरे मी त्यांना भूगोलाच्या आधाराने नीट समजावून दिलं. ते बिचारे गवंडी घेऊन आले. गवंड्याने ओळंबा लावला, पाया पाहिला आणि म्हणाला, "भित जागच्या जागी हाये." मग त्याने माझ्याकडे खालून वर पाहिलं. त्याला वेळ लागला नाही.

पाठही दुखायची, पण पाठ कुणाची दुखत नाही? उसण भरली म्हणायचं आणि तिळाचं तेल चोळून घ्यायचं.

त्याच हिवाळ्यात माझ्या मेव्हण्याचं लग्न ठरलं, अमरावतीलाच. जावई म्हणून मला नवा बंद गळ्याचा कोट हवा होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारा शिंपी बसायचा. चष्म्याची एक काडी दोऱ्याची, जिभेवर कायम खडूची धूळ. तो मला मास्तर म्हणायचा आणि मीही त्याला मास्तरच म्हणायचो. माझी मापं त्याच्या वहीत होतीच. दोन वर्षांपूर्वी त्यानेच कोट शिवला होता. त्याच मापावर त्याने नवा शिवला. मी घालून पाहिला तर कोट पार गुडघ्याच्या दिशेने निघालेला.

"हे काय?" मी म्हणालो. "मी काय कीर्तनाला उभा राहणार आहे?"

शिंप्याने चष्मा सावरला. मला वळवलं, पुन्हा वळवलं. "बाही पाहा मास्तर. बरोबर. खांदा पाहा. बरोबर. पोट वाढलं, मंजूर. पण पाठ लांब होऊन राहिली."

"तुम्ही चुकीचं कापलंत."

"म्या? चाळीस वर्षं झाले कापून राहिलो." तो दुखावला. "तुमचा जुना कोट आना बरं."

मी इरेस पेटून घरी गेलो आणि जुना कोट घालूनच परत आलो. तोही तितकाच खाली उतरला होता.

"धुऊन वाढला असेल," मी म्हणालो.

दुकानात दोन गिऱ्हाईकं बसली होती. शिंप्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अत्यंत शांतपणे म्हणाला, "मास्तर, कापड धुतल्यानं आटते, वाढत नाई. कापड आटलं असतं तर कोट आखूड झाला असता. कोट लांब झाला. म्हंजे तुमीच आटले."

गिऱ्हाईकं हसली. मी म्हणालो, माणूस आटत नाही.

"मले काय माईत? टेप सांगते." त्याने माझ्या मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत टेप लावली, वही उघडली आणि ती मला दाखवली. "दोन सालात पावने दोन इंच गेले. पायाचं माप तेच, हाताचं माप तेच. फक्त मधातला मास्तर कमी झाला."

मी रागारागाने घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं, ती माझ्याबरोबर चिडेल या आशेने. तिने मात्र मला भिंतीशी उभं केलं आणि स्वतः शेजारी उभी राहिली. लग्नात ती माझ्यापेक्षा बरोबर इंचाने कमी होती. आमच्या सासऱ्यांनी ते दोऱ्याने मोजून पाहिलं होतं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो सरळ आडवा आपल्याकडे नेला. हात तिच्या कपाळाला लागला.

"अगं बाई," ती म्हणाली. मग तिने हात पुन्हा एकदा नेऊन पाहिला. आणि मग तोंडाला पदर लावून हसत सुटली. मी हसलो नाही. पण रात्रभर मनात तेच: हे होतंय काय?

तरीही मी डॉक्टरांकडे गेलो नाही. शिंप्याने सांगितलं म्हणून डॉक्टरकडे जायचं, हे मला पटेना.

पंधरा दिवसांनी बार्शीटाकळीच्या शाळेत काही कामासाठी मला जायचं होतं. बसमध्ये जागा मिळाली ती अगदी मागची. रस्त्यात एक खड्डा आला. बाकीचे लोक वर उडाले आणि खाली आले, मीही उडालो आणि खाली आलो, पण मी खाली येताना माझ्या पाठीत "कट्" असा आवाज झाला. मी इतक्या जोरात ओरडलो की ड्रायव्हरने बस थांबवली.

कंडक्टर धावत आला. "काय तुटलं?"

"पाठ!" मी म्हणालो.

"उठा बरं जरा." मला वाटलं आधार देतो. त्याने मला बाजूला सारून सीट दाबून पाहिली, खाली वाकून फळी तपासली, आणि समाधानाने ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "चाल बे! सीट चांगली हाये. मास्तरचंच काई तुटलं!"

पुढच्या सीटवरच्या एका शेतकरी बाईने मला हाताला धरून आडवं झोपवलं. तिचं कांद्याचं पोतं माझ्या उशाला आलं. अशा रीतीने मी बार्शीटाकळीला पोचलो आणि तसाच परत आलो.

वडील दुसऱ्या दिवशी अकोल्याला आले आणि मला अमरावतीला घेऊन गेले. डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रे काढायला लावला. ओली फिल्म खिडकीशी धरून ते बराच वेळ पाहत राहिले, मग फोटो काढणाऱ्याला बोलावून म्हणाले, "हा दुसऱ्या कुणाचा आहे. सकाळी ज्या आजीबाई आल्या होत्या, त्यांचा असेल. यांचा आणा."

"त्यांचाच आहे साहेब."

"पुन्हा काढा."

पुन्हा काढला. तीच आजीबाई आली.

डॉक्टरांनी मला बसवलं. म्हणजे बसता येत नव्हतं, टेकवलं. "हाडं फार विरळ झाली आहेत. हा एक मणका आत्ता चेपला आहे, बसमध्ये. हा दुसरा आणि हा तिसरा, हे आधीच कधी तरी चेपले. तेव्हा पाठ दुखली असेल?"

"उसण भरली होती."

"ती उसण नव्हती. उंची कमी झाल्यासारखं वाटलं का?"

मी खिडकीकडे पाहू लागलो. वडील म्हणाले, "खरं ते सांग." मग मी आरशापासून शिंप्यापर्यंत सगळं सांगितलं. हातपाय तेवढेच आणि पाठ आखूड, हे ऐकल्यावर डॉक्टर, जे कधी हसत नसत, ते हसले. "त्या शिंप्याला माझा नमस्कार सांगा. माझ्याआधी त्याने ओळखलं."

मग त्यांचा चेहरा बदलला. "त्या गोळ्या किती दिवस घेतल्या?"

"तीन वर्षं."

"किती?"

"तीन. वर्षं."

"मी सहा आठवडे लिहिल्या होत्या! हळूहळू कमी करायच्या, आणि मला येऊन दाखवायचं."

"बरं वाटत होतं," मी म्हणालो. मी खिशातून ती पुठ्ठ्यावरची चिठ्ठी काढून दाखवली, ती मी नीट जपली आहे हे कळावं म्हणून. त्याचा उपयोग झाला नाही.

"दूध?"

"तुम्हीच बंद केलं होतं."

"पंधरा दिवसांसाठी!"

"ऊन?" त्यांनीच पुढे विचारलं.

"आईने बंद केलं."

डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. आतड्याची सूज जुनी असली की अन्नातलं हाडांना लागणारं अंगी लागत नाही, आणि सूज स्वतःही हाडं झिजवते. त्यावर या गोळ्या. त्या आतड्याला वाचवतात, पण फार दिवस घेतल्या की हाडातला चुना काढून नेतात. त्यावर दूध नाही, ऊन नाही, चालणं नाही. "तुमच्या हाडांनी करायचं तरी काय?" ते म्हणाले.

मी तिथेच जाहीर केलं की आजपासून गोळ्या गटारात. डॉक्टर जवळजवळ ओरडले. इतकी वर्षं घेतलेल्या गोळ्या एकदम बंद केल्या तर माणूस कोसळतो, शरीराला त्यांची सवय झालेली असते. पाव पाव गोळी कमी करत कित्येक आठवड्यांनी बंद करायची, आणि तेही त्यांच्या सांगण्याने. त्याबरोबर सल्फाच्या पिवळ्या गोळ्या पोटासाठी, चुन्याच्या गोळ्या, माशाच्या लिव्हरचं तेल. तेलाचं नाव ऐकून घरी आईने सोवळं-ओवळं काढलं. वडिलांनी निकाल दिला की औषध हे खाद्य नव्हे, पण बाटली अंगणात ठेवायची आणि प्यायचं ते तुळशीकडे पाठ करून. त्या तेलाचा वास इतका भयंकर होता की तुळशीने स्वतःच पाठ फिरवली असती.

त्या दिवशी दवाखान्यातून निघताना वडिलांनी एक विचित्र आग्रह धरला होता. "माझाही फोटो काढा."

"तुम्हाला काय होतंय वकीलसाहेब?"

"काही नाही. तुलनेला."

डॉक्टर नाही म्हणत होते, पण वडिलांपुढे कुणाचं चाललं आहे? फोटो निघाला. अडुसष्टाव्या वर्षी वडिलांचे मणके विटा रचाव्या तसे एकावर एक उभे होते. पुढचा महिनाभर ते कोर्टात भेटेल त्याला सांगत होते, "माझी हाडं माझ्या मुलापेक्षा तरुण आहेत." एका न्यायाधीशांनाही म्हणे त्यांनी ऐकवलं. माझी तब्येत कशी आहे हे कुणी विचारलं तर म्हणायचे, "माझ्या मानाने नाजूक."

लग्नाला मी पाठीला डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधून उभा राहिलो. कोट शिंप्याने खालून कापून दिला होता. माझ्या सासूबाईंनी बायकोला विचारलं, "तू उंच चपला घातल्यास का गं?" तिने पाय वर करून दाखवले. ती अनवाणी होती.

पुढची दोन वर्षं तशी कंटाळवाणीच गेली, आणि बरं झालं. पांढऱ्या गोळ्या पाव पावने उतरल्या. मध्ये एकदा पोटाने उचल खाल्ली, सातवीला आठवडाभर नद्या भराव्या लागल्या, पण डॉक्टरांना वेळेवर कळवलं आणि निभावलं. चेहऱ्याची गोलाई गेली तेव्हा लोक बायकोला म्हणू लागले, "मास्तर खंगले हो, खायला देता ना?" गोळ्यांचं श्रेय घेतलं होतं, आता हेही तिच्याच अंगावर आलं. दूध परत सुरू झालं. पहिल्या दिवशी मी आणि बायको समोरासमोर बसून पेल्याकडे पाहत होतो, काय होतं ते पाहायला. काही झालं नाही.

गेलेली उंची मात्र परत आली नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. चेपलेला मणका पुन्हा फुगत नाही. पण चौसष्ट साली शाळेच्या पायऱ्यांवरून मी तीन पायऱ्या घसरून बसलो आणि काहीही तुटलं नाही. मी तिथेच बसून हसत होतो. पोरांना वाटलं डोक्याला लागलं.

डॉक्टरांच्या हुकुमातला सगळ्यात अवघड भाग होता उन्हाचा. रोज सकाळी अर्धा तास पाठ उघडी टाकून उन्हात बसायचं. अंगणात बसायची लाज वाटायची, म्हणून मी घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, जायचो. फाल्गुन-चैत्रात शेजारच्या तीन घरांतल्या बाया त्याच धाब्यावर कुरड्या आणि पापड वाळत घालायच्या. पहिल्या दिवशी मला उघडाबंब पाहून त्या जिन्यातूनच परत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या वयस्कर काकूंनी वर येऊन, माझ्याकडे न पाहता, एक लांब काठी माझ्या बाजूला आणून ठेवली.

"काय करू हिचं?" मी विचारलं.

"तुमी बसलेच हा ना मास्तर रिकामे," त्या म्हणाल्या. "कावळे हाकला."

त्या हंगामात तिन्ही घरांचा एक पापड कावळ्याने नेला नाही. काकूंनी दिवाळीपर्यंत पुरतील इतके पापड आमच्याकडे पाठवले, आणि बायकोला सांगितलं की पुढच्या वर्षीही मास्तरांना पाठीचं काही तरी होऊ द्या.